विल्यम हेन्री साइक्स
कर्नल विल्यम हेन्री साइक्स (जन्म : २५ जानेवारी १७९०, मृत्यू : १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, सांख्यिकीतज्ज्ञ आणि दख्खनच्या प्राणिसृष्टीचे आद्य अभ्यासक होते. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते कंपनीच्या बाजूने लढले. १८२४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी त्यांची नेमणूक केली.

या फिरतीत त्यांनी भीमा, घोड, इंद्रायणी व मुळा-मुठा या नद्यांतील मासे अभ्यासले. १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी अनेक माशांच्या शास्त्रीय नावांत स्थानिक मराठी नावेच योजली. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेला मासा ‘मसुल्ला’, तर पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला महसीर ‘खुद्री’ म्हणून नोंदला गेला. दौंडखालच्या भीमेत, पेडगावाजवळही त्यांनी मासे नोंदवले.

१८५६ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते अ‍ॅबर्डीनचे खासदार होते.

मसुल्ला हे नाव पुढे गळाच्या शौकिनांना प्रिय असलेल्या कावेरीतील महसीराला चुकून दिले गेले; अलीकडील संशोधनाने ही चूक दुरुस्त केली आणि २०१८ मध्ये त्या महसीराची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली. लोणावळ्याच्या केंद्रात विसाव्या शतकात तयार झालेले खुद्रीचे बीज दूरच्या नद्यांतही सोडले गेले. कावेरीत खुद्री फोफावला. तेथील मूळचा महसीर मात्र आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. कोणता मासा कोणत्या नदीचा, हे ठरवताना साइक्स यांच्या नोंदी म्हणूनच आजही आधारभूत ठरतात.