साहेबापुढे वाकणारा बाप

यासुजिरो ओझूचे नाव निघाले की जाणकारांस त्याचे उत्तरायुष्यातील संथ, गंभीर बोलपट आठवतात. वस्तुतः नोकरदार मध्यमवर्गाविषयीचे सर्वांत कठोर सत्य त्याने वयाच्या २८व्या वर्षीच, आणि तेही एका मूक विनोदपटात, सांगून टाकले होते.

ओझूचा जन्म १९०३ सालचा, टोकियोतील एका खतव्यापाऱ्याच्या घरचा. १९१३ मध्ये वडिलांनी बायकामुलांस मात्सुसाका या गावी धाडले आणि स्वतः ते धंद्यासाठी राजधानीतच राहिले. मुलाने पुढे परीक्षांत अपयश घेतले, डोंगरातील एका खेड्यात काही काळ मास्तरकी केली आणि १९२३ मध्ये शोचिकू कंपनीत कॅमेऱ्याचा मदतनीस म्हणून प्रवेश मिळविला.

'जन्मलो खरे, पण...' हा त्याचा चित्रपट १९३२ सालचा. एक कारकुनी पेशाचा गृहस्थ साहेबाच्या शेजारी, शहराबाहेरच्या वस्तीत बिऱ्हाड करतो. त्याची दोन मुले तेथील पोरांत दादागिरी प्रस्थापित करतात. साहेबाचा मुलगाही त्यांच्या इशाऱ्यासरशी जमिनीवर आडवा पडतो. मग एके संध्याकाळी साहेबाच्या घरी हौशी चित्रफीत दाखविली जाते. पडद्यावर साहेबाच्या करमणुकीसाठी माकडचेष्टा करणारा इसम आपलाच बाप आहे, हे मुलांना दिसते. सारे हसत असतात. ती दोघे तेवढी हसत नाहीत. साहेब पगार देतो, या बापाच्या खुलाशावर तो पगार घेऊच नये, असा त्यांचा सरळ हिशेब. दोघे अन्नत्याग करतात.

दुसऱ्या दिवशी भाताच्या मुटक्यांपुढे संप मोडतो. रेल्वे फाटकाशी साहेबाची मोटार उभी दिसताच, जा आणि नमस्कार करा, असे मुलेच बापास सुचवितात. ही शरणागती काहींना खटकेल. परंतु मंदीने सुशिक्षितांस बेकार केलेल्या त्या काळात राजीनामा देणारा बाप दाखविणे ही निव्वळ थाप ठरली असती. साहेबही येथे खलपुरुष नाही, आणि म्हणूनच तो अपमान अधिक बोचतो. 'किनेमा जुंपो' या नियतकालिकाने त्यास वर्षातील सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरविले.

बोलपटाकडे ओझू वळला तो १९३६ मध्ये. संसाराचा हा भाष्यकार स्वतः आजन्म अविवाहित राहिला. आईची सोबत १९६२ मधील तिच्या मृत्यूपर्यंत होती. १९५९ मध्ये 'ओहायो' या चित्रपटात त्याने पुन्हा दोन भावांचा संप रंगविला. या खेपेस ते मौन धरतात, पण दूरचित्रवाणी संचासाठी. आणि तो त्यांना मिळतो. १२ डिसेंबर १९६३ रोजी, आपल्या ६०व्या वाढदिवशी, ओझू निवर्तला.