फुटबॉलच्या पैशावर वकील झालेले पॉल रॉबसन

पॉल रॉबसन म्हटले की चळवळीतल्या माणसाला त्यांचा तो धीरगंभीर आवाज आठवतो. पण या गायकाने आधी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळून कायद्याचे शिक्षण पुरे केले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हा खेळ म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाती धरून पळायचे आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा तो हाडे मोडणारा खेळ.

रॉबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ चा, न्यू जर्सीतील प्रिन्स्टनचा. वडील विल्यम जन्माने गुलाम. वयाच्या १५ व्या वर्षी ते नॉर्थ कॅरोलायनातील मळ्यातून पळाले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. आई शिक्षिका. पॉल सहा वर्षांचेही नव्हते तेव्हा ती घरात भाजून गेली. आईवाचून वाढणाऱ्या या पोराला बापाने एकच शिकवले, की तू मैदानात उतरतोस तेव्हा एकटा नसतोस, तुझ्यामागे तुझ्या समाजाची सारी पोरे उभी असतात.

१९१५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते रटगर्स महाविद्यालयात गेले. तिथल्या इतिहासातले ते तिसरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी. सरावाच्या पहिल्याच दिवशी स्वतःच्याच संघातल्या गोऱ्या पोरांनी त्यांचे नाक फोडले, खांदा निखळवला. पुढे एकाने खिळ्यांच्या बुटाने हात तुडवून नखे उखडली. रॉबसन यांनी त्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले, तेव्हा कुठे प्रशिक्षकाने त्यांना संघात घेतल्याचे ओरडून सांगितले. तरीही १९१६ मध्ये दक्षिणेतल्या वॉशिंग्टन अँड ली संघाने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळायला नकार दिला आणि रटगर्सने रॉबसन यांनाच बाहेर बसवले. शिवीपेक्षा हे वाईट, असे आम्हाला वाटते. शिवी परका देतो, बाहेर बसवतात ते आपले. १९१७ आणि १९१८ ला ते देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-अमेरिका संघात निवडले गेले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच रॉबसन १९२० मध्ये कायदा शिकू लागले. फी आणि घरभाडे फुटबॉलमधून निघे. १९२१ मध्ये फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीय खेळाडू-प्रशिक्षकाने त्यांना ओहायोतल्या अ‍ॅक्रन संघात बोलावले. १९२२ ला ते मिलवॉकीकडून खेळले. त्याच वर्षी आदिवासी खेळाडूंच्या ओरांग इंडियन्सविरुद्ध दोन्ही टचडाउन त्यांचेच. १९२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी एस्लांडा गुड यांच्याशी लग्न केले. रसायनशास्त्र शिकलेल्या एस्लांडा न्यूयॉर्कच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत काम करीत. खेळाडूच्या चरित्रात बायको चार ओळींत संपते. पण घर चालवण्याचा निम्मा भार त्यांचा होता. पुढे नवऱ्याचा व्यवहारही त्यांनीच सांभाळला आणि स्वतः मानववंशशास्त्राच्या अभ्यासक झाल्या. १९२७ मध्ये मुलगा झाला, पॉल धाकटा. संसार सरळ नव्हता. रॉबसन यांची अन्य स्त्रियांशी प्रकरणे झाली, गोष्ट घटस्फोटापर्यंत गेली. तरी १९६५ मध्ये एस्लांडांच्या मृत्यूपर्यंत दोघे एकत्र राहिले. हे आम्ही झाकणार नाही.

१९२३ मध्ये पदवी मिळाली. ज्या वकिलांच्या कचेरीत रॉबसन लागले, तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाचा मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला. त्यांनी वकिलीच सोडली, सनद घेतलीच नाही. आम्हीही वकिलीच्या पहिल्या वर्षी एका कचेरीत आडनाव कळल्यावर टेबलावरच्या फायली कमी होताना पाहिल्या आहेत. आम्ही टिकलो, कारण आमच्यापुढे गाण्याचा रस्ता नव्हता!

पुढचे गाणे, नाटक, ऑथेल्लो सर्वांना माहीत आहे. १९५० मध्ये सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. कम्युनिस्ट नसल्याचे प्रतिज्ञापत्र लिहून द्यायला त्यांनी नकार दिला. १९५८ मध्ये रॉकवेल केंट या चित्रकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, तेव्हा तो परत मिळाला. या बहिष्काराच्या काळात १९१७ आणि १९१८ च्या ऑल-अमेरिका याद्यांतूनही त्यांचे नाव गाळले गेले. ११ जणांच्या खेळात १० नावे छापली गेली.

२३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात ते वारले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मान दालनात त्यांचे नाव लागले ते १९९५ मध्ये.