मेंदूच्या नसा पहिल्यांदा दाखवणारे डॉक्टर मोनिझ

ठाणे : वागळे इस्टेटमधल्या कंपनीत कामाला असलेल्या कुणाला अचानक लकवा मारला, की दवाखान्यात सीटी स्कॅनसोबत मेंदूच्या नसांची अँजिओग्राफी करायला सांगतात. रक्ताची गुठळी कुठे अडकली, आजूबाजूच्या बारीक नसांतून रक्त किती पोचतंय, हे त्यात दिसतं. पेशंट कितपत सावरेल, याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात. या तपासणीचा पाया घातला एगाश मोनिझ यांनी.

पोर्तुगालमधल्या अवांका गावात १८७४ साली त्यांचा जन्म झाला. १९११ पासून ते लिस्बनला मेंदूविकाराचे प्राध्यापक. मधे राजकारणही केलं, १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. खरं काम मात्र पन्नाशीनंतरचं.

तेव्हा एक्स-रेत कवटी दिसायची, आतल्या नसा नाही. मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून लगेच एक्स-रे काढला तर नसा उमटतील, असं मोनिझ यांना वाटलं. पण गाऊटमुळे त्यांच्या हाताची बोटं वाकडी झालेली. त्यामुळे सुई धरायचे सहकारी अल्मेडा लिमा. सुरुवातीच्या पेशंटपैकी एक जण दगावला. काम थांबलं, औषध बदललं. २८ जून १९२७ ला जिवंत माणसाच्या मेंदूतल्या नसा फोटोत आल्या. १९३७ मध्ये मानेतली बंद पडलेली रक्तवाहिनीही त्यांनी अशीच दाखवली.

१९४९ चं नोबेल त्यांना मिळालं, पण यासाठी नव्हे! मानसिक रुग्णांवरच्या मेंदूच्या एका ऑपरेशनसाठी मिळालं, आणि ते ऑपरेशन पुढे बदनाम झालं. १३ डिसेंबर १९५५ ला लिस्बनमध्ये त्यांचं निधन झालं.