प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला

अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण शुद्धीवर येतो, चालू-बोलू लागतो. सीटी स्कॅनमध्ये इजा दिसते. पण तो हिशेब करू शकेल का, वाचू शकेल का, हे स्कॅन सांगत नाही. त्यासाठी रुग्णाजवळ बसून छोट्या छोट्या चाचण्या घ्याव्या लागतात. ही पद्धत ज्यांनी घडवली त्यांत अलेक्झांडर लुरिया यांचे नाव अग्रभागी आहे.

१९०२ साली रशियातील कझान शहरात जन्मलेल्या लुरियांचे वडील डॉक्टर होते. मुलानेही डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा. पण लुरियांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून मानसशास्त्राची वाट धरली. मॉस्कोत लेव्ह वायगॉट्स्की यांच्यासोबत त्यांनी मुलांची भाषा आणि विचार कसे विकसित होतात, याचा अभ्यास केला. १९३१-३२ मध्ये त्यांनी उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांच्या विचारपद्धतीची पाहणी केली. त्यावर राजकीय टीकेची झोड उठली आणि निष्कर्ष सुमारे चाळीस वर्षे अप्रकाशित राहिले. १९३४ साली वायगॉट्स्की क्षयाने गेले.

अशा कठीण काळात, नावाजलेले मानसशास्त्रज्ञ असूनही, लुरिया पुन्हा वैद्यकीय विद्यार्थी झाले. १९३७ साली त्यांनी पदवी मिळवली आणि मेंदू-शस्त्रक्रियेच्या संस्थेत उमेदवारी केली.

हे शिक्षण दुसऱ्या महायुद्धात कामी आले. उरल भागातील रुग्णालयात डोक्याला गोळी लागलेले सैनिक त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांतला एक तरुण अधिकारी १९४३ साली जखमी झाला होता. त्याला अक्षरे ओळखू येत नव्हती, स्वतःच्या शरीराचा उजवा भाग जाणवत नव्हता. एकेक अक्षर आठवून लिहिणे त्याला अशक्य होते. पण हात न उचलता, विचार न करता शब्द एका दमात लिहायला सांगितल्यावर तो लिहू लागला! सवयीने हातात मुरलेली कृती शाबूत होती. आपण लिहिलेले वाचणे मात्र त्याला फार जड जाई. तरीही पुढे पंचवीस वर्षांत त्याने सुमारे तीन हजार पाने लिहिली.

लुरियांचा सिद्धान्त अशा रुग्णांवरूनच आकाराला आला. वाचन किंवा लेखन मेंदूच्या एकाच ठिपक्यात नसते; अनेक भाग मिळून ते काम करतात. एक दुवा तुटला, तर शाबूत दुव्यांमधून दुसरी वाट काढता येते. मेंदूच्या पुनर्वसनाचा हा आजही पाया आहे.

१९५० च्या सुमारास त्यांना मेंदू-शस्त्रक्रियेची संस्था सोडावी लागली. मग ते विकासात मागे पडलेल्या मुलांच्या अभ्यासाकडे वळले. लहान मूल बोलण्यातून स्वतःच्या कृतीला आवर घालायला कसे शिकते, हे त्यांनी तपासले. पुढे ते मेंदूच्या रुग्णांकडे परतले. १९७७ साली मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

मूठ, हाताची कड, तळवा अशी क्रमाने टेबलावर हात ठेवण्याची त्यांची साधी चाचणी आजही डॉक्टर करून घेतात. क्रम चुकू लागला, तर मेंदूच्या पुढच्या भागातील बिघाडाची शंका येते. यंत्र लागत नाही, खर्चही नाही.

पक्षाघात किंवा अपघातानंतर घरातल्या माणसाचे काय गेले, हे लगेच दिसते. काय शिल्लक आहे, हे मात्र शोधावे लागते. उपचार तिथूनच सुरू होतात.