इंधनाची उधळपट्टी न साहणारा रुडॉल्फ डिझेल

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्गच्या कारखान्यात एक अवजड इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले. एक मिनिट, ८८ फेरे, तेही कोणतेच काम न करता, नुसते रिकामे! आदल्या वर्षीच्या पहिल्या चाचणीत स्फोट अनुभवलेल्या रुडॉल्फ डिझेल यांना तेवढेही पुरेसे होते.

डिझेल यांचा जन्म १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. १८७० च्या युद्धात कुटुंबाला फ्रान्स सोडावा लागला आणि बारा वर्षांचा रुडॉल्फ ऑग्सबुर्गला नातलगांकडे शिकायला आला. पुढे म्युनिकमध्ये प्रा. कार्ल फॉन लिंडे यांच्या वर्गात त्यांना कळले, की वाफेचे इंजिन इंधनातील जेमतेम दहावा हिस्सा कामी आणते. ही उधळपट्टी त्यांच्या मनाला लागली. १८९७ च्या अधिकृत चाचणीत त्यांच्या इंजिनाने २६.२ टक्क्यांपर्यंत मजल मारली.

या काटकसरीचे एक कारण सिग्नलला उभ्या गाडीतही दिसते. पेट्रोल इंजिनात शक्ती कमी करायची तर हवेची वाट आवळावी लागते. मग दट्ट्याची बरीच ताकद ती हवा ओढण्यातच खर्ची पडते. डिझेल इंजिन हवा पोटभर घेते, फक्त इंधन कमी करते. म्हणूनच रिकामे चालताना ते कमी पिते. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि आधुनिक गाड्यांत, पेट्रोलच्यासुद्धा, इंधन बंद होते. न्यूट्रलला टाकले की मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरते जाळावेच लागते. बचतीसाठी न्यूट्रल करणारे आपल्याकडे थोडे नाहीत!

मोटारीत आपले इंजिन रुळलेले पाहणे डिझेल यांच्या नशिबी नव्हते. इंधन आत फवारण्यासाठी तेव्हा दाबलेली हवा लागे आणि तिचा पंप बोजड असे. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे महासागरी जहाज या इंजिनावर निघाले. डिझेलवर धावणारी मर्सिडीझची ‘२६० डी’ मोटार यायला १९३६ साल उजाडले.

इंधनाचा थेंब न थेंब मोजणाऱ्या या माणसाला स्वतःचा पैसा मात्र सांभाळता आला नाही. पेटंटचे खटले आणि फसलेली गुंतवणूक यांत ते कर्जबाजारी झाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह आढळला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या.