बार्शीच्या गिरणीतला मेहबूब पटेल अमर शेख झाला आणि त्याच्या डफावर अख्खा महाराष्ट्र उभा राहिला

घोडबंदरच्या वरसावे नाक्यावर उभं राहिलं की तीन दिशांचे रस्ते दिसतात. एक मुंबईत शिरतो, एक ठाण्याला जातो आणि तिसरा खाडी ओलांडून थेट गुजरातची वाट धरतो.

आज या तिसऱ्या रस्त्याने निघालेली गाडी तलासरीच्या पुढे गेली की राज्य बदलतं, पाट्यांवरची भाषा बदलते. पण १९५६ ते १९६० या काळात असं काही होत नव्हतं. मुंबईपासून अहमदाबादच्याही पुढे सगळं एकच राज्य होतं, द्विभाषिक मुंबई राज्य. मराठी माणसाला त्याचं वेगळं राज्य नको, असं दिल्लीत ठरलं होतं.

ते ठरलेलं मोडून काढायला मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, माणसं गोळ्या खाऊन मेली. आणि या सगळ्यात एक माणूस डफ घेऊन उभा होता. त्याचं नाव शाहीर अमर शेख.

लिव्हरपूलच्या बीटल्सना जगाने डोक्यावर घेतलं त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी मुंबईच्या गिरणगावात तीन पोरांनी एक ग्रुप काढला होता. त्यांच्याकडे गिटार नव्हती, रेकॉर्ड कंपनी नव्हती, तिकीट लावून कार्यक्रम करायची ऐपत तर अजिबात नव्हती. तरी त्यांच्या कार्यक्रमाला मैदानं भरायची. त्या ग्रुपचं नाव होतं लाल बावटा कलापथक. आणि त्या ग्रुपचा आवाज होते अमर शेख.

गोष्ट सुरू होते सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीपासून.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीतल्या एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवलं मेहबूब. पूर्ण नाव मेहबूब हुसेन पटेल. घरात पैसा नव्हता, पण गाणं होतं. आई मुनेरबींना लोकगीतं तोंडपाठ होती. शाहिराला गाण्याचा वारसा मिळाला तो आईकडून. कुठल्या उस्तादाकडे गंडा बांधून ते गाणं शिकले नाहीत.

पोट भरायला मेहबूबने मिळेल ते काम केलं. पाणक्या म्हणून पाणी भरलं, मोटारीवर क्लीनर म्हणून राबला आणि पुढे गिरणीत कामाला लागला.

बार्शी तेव्हा कापसाच्या व्यापाराचं मोठं ठिकाण होतं आणि तिथे कापडगिरण्या होत्या. गिरणीत कामगारांचा संप झाला, तेव्हा मेहबूब नुसता संपात उतरला नाही तर पुढे उभा राहिला. त्याची किंमत मोजावी लागली. रवानगी झाली ती नगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या तुरुंगात.

त्या काळात तुरुंग ही अनेकांची शाळा होती. विसापूरला त्यांची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांशी पडली. गरिबी हा नशिबाचा खेळ नसून त्यामागे हिशेब असतो, हे मेहबूबला तिथे उमगलं. तुरुंगातून बाहेर पडला तो कम्युनिस्ट होऊनच.

मग वाट निघाली कोल्हापूरकडे. कोल्हापूर म्हणजे तेव्हाची मराठी सिनेमाची पंढरी. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत मेहबूब काम करू लागला. तिथल्याच मित्रमंडळींनी त्याला नवं नाव दिलं, अमर शेख. पुढे हेच नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसलं आणि मेहबूब पटेल हे नाव मागे पडलं.

कोल्हापुरातून ते मुंबईला आले. आणि इथे त्यांना त्यांची माणसं भेटली.

त्यातले एक होते अण्णा भाऊ साठे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असं सांगितलं जातं. वडिलांबरोबर लहानपणीच चालत मुंबई गाठलेली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आणि गिरणगावात वावरत चळवळीत आलेला हा माणूस. दुसरे होते द. ना. गवाणकर, तेही शाहीर. १९४४ च्या सुमारास या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं.

काळ कसा होता? बाहेर दुसरं महायुद्ध सुरू होतं. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लाखो माणसं अन्नावाचून मेली होती. त्याच वर्षी मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला होता. नाटक आणि गाणं रस्त्यावर न्यायचं, लोकांचे प्रश्न लोकांच्याच भाषेत मांडायचे, ही हवा देशभर होती. अण्णा भाऊंनी बंगालच्या दुष्काळावर लिहिलं, स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. वाटेगावचा माणूस रशियातल्या लढाईवर पोवाडा लिहितो आणि परळच्या चाळीतला कामगार तो कान देऊन ऐकतो, असं ते दिवस होते.

आता प्रश्न असा की हा ग्रुप एवढा लोकप्रिय कशामुळे झाला?

पहिलं कारण म्हणजे प्रेक्षक. गिरणगावातला कामगार बहुतेक कोकणातला, साताऱ्याचा, सांगली-कोल्हापूरकडचा. बायकोपोरं गावाला, हा इथे एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहणारा. जेवण खानावळीत, झोप पाळीपाळीने. त्याच्या कानात गावच्या जत्रेतला तमाशा होता, भजन होतं, पोवाडा होता. लाल बावटा कलापथकाने त्याला परकं काही दिलं नाही. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज तीच. चाली ओळखीच्या. फक्त विषय त्याच्या आजच्या जगण्यातला होता. महागाई, रेशन, मालक, सावकार, संप.

दुसरं कारण म्हणजे कामाची वाटणी. अण्णा भाऊंची लेखणी, गवाणकरांची रचना आणि साथ, आणि अमर शेखांचा गळा. तिघेही गात होते, तिघेही रंगमंचावर उभे राहत होते. पण अमर शेखांचा आवाज पहाडी होता. मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत तो पोचायचा. हातात डफ, खणखणीत उच्चार आणि गाताना अख्खं अंग गाण्यात. बघणाऱ्याला मान फिरवता येत नसे.

तिसरं कारण म्हणजे जागा. यांचे कार्यक्रम चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या दाराशी, कामगारांच्या मैदानात व्हायचे. थिएटरात जाऊन गाणं ऐकणं ज्याला परवडत नाही त्याच्या दारात हे गाणं यायचं.

लोकप्रियता वाढली तशी सरकारची नजरही वळली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. तमाशा अश्लील आहे, असं कारण पुढे केलं गेलं. लाल बावटा कलापथकावरही बंदी आली. कम्युनिस्टांची धरपकड सुरू होती, त्यामुळे हा घाव दुहेरी होता.

पण यातून एक नवीनच गोष्ट जन्माला आली. तमाशावर बंदी असेल तर खेळाला तमाशा म्हणायचंच नाही! अण्णा भाऊंनी आपल्या वगांना लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं तसं रूपही बदललं. सुरुवातीच्या गणात देवाऐवजी मातीला, कष्टकऱ्यांना वंदन आलं. गौळण गळाली. अकलेची गोष्ट, देशभक्त घोटाळे, माझी मुंबई असे वग गाजले. आज मराठीत लोकनाट्य हा शब्द सहज वापरला जातो, त्याच्यामागे ही बंदी आहे.

आणि मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ.

मराठी भाषकांचं मुंबईसह एक राज्य हवं, ही मागणी होती. दिल्ली मुंबई द्यायला तयार नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला निदर्शकांवर गोळीबार झाला, त्यात १५ जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई पुन्हा पेटली आणि आकडा वाढत गेला. पुढे शंभरावर हुतात्मे झाले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका झेंड्याखाली आले.

नेते होते आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट. पण सभेला गर्दी जमवायचं, ती धरून ठेवायचं आणि घरी जाताना तिच्या ओठांवर काहीतरी ठेवायचं काम शाहिरांचं होतं. अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर, शाहीर साबळे, आत्माराम पाटील. टीव्ही नव्हता, रेडिओ सरकारच्या ताब्यात होता. चळवळीचा निरोप गावोगाव पोचवायला पेपर होते आणि शाहीर होते. आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यासाठी फक्त शाहीर होते.

याच काळात अण्णा भाऊंची माझी मैना ही छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली. वरवर बघितलं तर ती विरहाची गोष्ट. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावाकडे राहिलेली बायको. गिरणगावातल्या प्रत्येक खोलीत ही गोष्ट होतीच. पण पुढे गाणं वळण घेतं आणि ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला मराठी मुलूख आहे, हे लक्षात येतं. स्वतःच्या बायकोच्या आठवणीने डोळे पुसणारा कामगार त्याच क्षणी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावसाठी मूठ आवळायचा. दहा भाषणांनी जे झालं नसतं ते एका छक्कडीने केलं.

आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. मराठी अस्मितेचा हा सगळ्यात बुलंद आवाज एका मुसलमान घरातल्या माणसाचा होता. शिवाजी महाराजांचं नाव घेऊन तो पेटून गायचा आणि समोरची लाखाची गर्दी त्याला साथ द्यायची. त्यांचं लग्नही कुसुम जयकर या हिंदू घरातल्या मुलीशी झालेलं. त्यांची मुलगी म्हणजे कवयित्री मलिका अमर शेख, पुढे त्यांचं लग्न नामदेव ढसाळांशी झालं.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. मुंबई मिळाली. पण बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिले. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. वरसावे नाक्यावरून खाडीपार जाणारा रस्ता आज ज्या टोकाला गुजरातेत शिरतो, ते टोक म्हणजेच हे उंबरगाव. गाण्यातली मैना पुरती घरी आलीच नाही.

राज्य मिळाल्यावर पुष्कळांना पदं मिळाली. शाहिरांच्या वाट्याला टाळ्या आल्या. अमर शेख गातच राहिले. गोवामुक्तीसाठी त्यांनी गाणी गायली होती. १९६२ ला चीनचं आणि १९६५ ला पाकिस्तानचं युद्ध झालं, तेव्हा डफ घेऊन गावोगाव फिरून त्यांनी जवानांसाठी निधी गोळा केला. चीनच्या युद्धावरून कम्युनिस्टांमध्येच फूट पडत होती, अशा वेळी हे करणं सोपं नव्हतं.

ते नुसते गायक नव्हते, कवी होते. कलश आणि धरतीमाता हे त्यांचे कवितासंग्रह, पहिला बळी हे नाटक. अत्र्यांच्या महात्मा फुले आणि पुढे प्रपंच या सिनेमांत त्यांनी कामही केलं. अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणून गौरवलं. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी. आपल्या कविता चौकात उभं राहून गर्दीला ऐकवणारा. तुलना नेमकी होती.

मग आला १९६९ चा पावसाळा.

१३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले, वय अवघं ४८, हलाखीत आणि आजारपणात. आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. वय ५२. अवघ्या अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राची मैदानं गाजवणारे तीन आवाज बंद झाले.

पण गाणं थांबलं नाही.

माझी मैना पुढे शाहीर विठ्ठल उमप यांनी गायली, त्यांच्यानंतर कित्येकांनी गायली. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, गिरणीच्या दाराशी गाणं ऐकणारा कामगार उरला नाही. तरी दर १ मे आणि १ ऑगस्टला ही छक्कड कुठल्या तरी स्पीकरवर वाजतेच. मुंबई विद्यापीठात लोककलांच्या अभ्यासासाठी शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. सीमाभागात तर आजही ही जखम ओली आहे.

हे गाणं टिकलं त्याचं कारण साधं आहे. पोटासाठी गाव सोडून येणारा माणूस अजून संपलेला नाही. फक्त आता तो लालबाग-परळला न येता वसई, विरार, मिरा-भाईंदरला येतो. गिरणीऐवजी गोदामात, कारखान्यात, डिलिव्हरीच्या गाडीवर राबतो. त्याची मैना अजून गावावरच असते.

आणि रात्री मोबाईलवर व्हिडिओ कॉल ठेवल्यावर त्याला जे वाटतं, ते अमर शेख जवळपास सत्तर वर्षांपूर्वी डफावर गाऊन गेलेत.