कोळशाची काळजी करणारा जेव्हन्स

पेट्रोल महागलं की मला विल्यम स्टॅनली जेव्हन्स आठवतो. जन्म १८३५, लिव्हरपूल. वडिलांचा लोखंडाचा धंदा बुडाला, मग कॉलेज अर्धवट सोडून सिडनीच्या टांकसाळीत नोकरी. १८६५ मध्ये त्याने पुस्तकात लिहिलं, ब्रिटनचा कोळसा महागत जाणार. इंजिनं सुधारली तर कोळसा वाचेल? उलट काम स्वस्त पडतं, म्हणून खप वाढतो. हे मला पटतं. डेटा स्वस्त झाल्यावर आपण काय केलं, बघा ना! पण तेल कोळशाची जागा घेईल, हे काही त्याला पटलं नाही. टंचाईच्या धास्तीने कागदाचेही गठ्ठे साठवायचा म्हणे. १८८२ मध्ये पोहताना तो बुडाला. ब्रिटनचं कोळसा उत्पादन १९१३ नंतर उतरणीला लागलं. तोवर नौदल तेलाकडे वळलं होतं, आणि त्या तेलासाठी सरकारने १९१४ मध्ये इराणमधून तेल काढणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा विकत घेतला.